काच फुटली, तर कुणाच्या खिशातून?

गुढीपाडव्याला मामानं गाडी घेतली. घरातली पहिली चारचाकी. सात वर्षांचं कर्ज, शोरूममध्ये पुठ्ठ्याची भलीमोठी चावी हातात धरून फोटो, चाकांखाली चार लिंबं, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, सगळं यथासांग झालं. मामी पुढं बसली, आजी मागं. घरी येईपर्यंत आजीनं एकच तक्रार केली, ‘मागून ऊन लई लागतंय रे.’ झालं. मला आणि माझ्या मामेभावाला तेवढंच निमित्त हवं होतं.

खरं सांगू? उन्हाशी आमचं काही देणंघेणं नव्हतं. काळ्या काचांची गाडी भारी दिसते, एवढंच. संध्याकाळी दौलताबादला जायचं, किल्ला मागं ठेवून रील काढायची, असं ठरलेलं होतं. आणि रीलमध्ये गाडीच्या मागच्या काचेतून आजीची औषधांची पिशवी दिसणं आम्हाला परवडणारं नव्हतं.

म्हणून भर दुपारी दोन वाजता आम्ही शहरातल्या एका फिल्मच्या दुकानात. मालकानं पाच हजार सांगितले. आम्ही घासाघीस करत साडेतीनवर आणले आणि जग जिंकल्यासारखे खुर्चीत बसलो. काम करायला आला तो पोरगा आमच्याच वयाचा. एकोणीस-वीस असेल. त्यानं मागच्या काचेवर तळहात ठेवला, झटकन उचलला आणि म्हणाला, ‘काँच बहुत गरम है भाई. आधा घंटा छाँव में रहने दो, फिर करते.’

आम्ही काय म्हणालो असू? ‘नहीं नहीं, जल्दी है, अभी करो.’

त्यानं मालकाकडे बघितलं. मालकानं मान हलवली. पोरानं साबणाचं पाणी मारलं, फिल्म बाहेरून काचेवर पसरली आणि हीट गन सुरू केली. दहा-बारा मिनिटं गेली असतील. आम्ही फोनमध्ये डोकं घालून बसलेलो. आणि अचानक ‘फट्!’ टायर फुटल्यासारखा आवाज. वर बघितलं तर मागची काच नव्हती. तिच्या जागी फिल्मचा एक ओला तुकडा लोंबत होता, आणि डिकीत, सीटवर, फरशीवर सगळीकडे खडीसाखरेसारखे काचेचे तुकडे. गाडीचं वय: पाच तास.

पोरगा हातातली गन बंद करायचं विसरून उभा होता.

मामाला फोन केला. मामा रिक्षानं आला. आरडाओरडा झाला. मालक शांतपणे म्हणाला, ‘तुम्ही टेन्शन घेऊ नका साहेब, काच मी बसवून देतो. ह्याच्या पगारातून कापतो.’ मामाचा आवाज एकदम खाली आला. आमच्याकडे वळून तो हळूच म्हणाला, ‘चला, आपलं तर काही जात नाही.’

आणि मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं अजून मला छळतंय, म्हणून हे लिहितोय.

गाडीचं वेड या शहराला नवीन नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या मंडळींनी एकत्र येऊन एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, पासष्ट कोटींच्या आसपास. देशभर बातमी झाली होती. आपण तेव्हा पहिली-दुसरीत असू किंवा त्याहून लहान, पण ती गोष्ट इथल्या प्रत्येक पोरानं ऐकलेली असते. शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना आहे. वाळूज-चिकलठाण्यात गाड्यांचे सुटे भाग बनतात. ज्यांच्या घरात गाडी नाही, त्यांच्या घरातही गाडीचा एखादा भाग बनवणारं कुणीतरी असतं. तरी आपल्याला गाडीच्या काचेबद्दल काय माहीत असतं? ‘किती काळी होईल?’ याच्या पलीकडे काही नाही. मलाही नव्हतं. त्या दिवसानंतर मी इंजिनिअरिंगच्या मित्रांना पिडलं, दोन-तीन काच बसवणाऱ्यांशी बोललो, तेव्हा डोक्यात उजेड पडला.

पहिली गोष्ट म्हणजे पुढची आणि मागची काच या दोन वेगळ्या जाती आहेत. पुढची काच म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ थर, सँडविच. तिला खडा लागला की तडा जातो, कोळ्याचं जाळं पसरावं तसा, पण काच जागेवर राहते. मागची काच सहसा एकाच थराची, टफन केलेली असते. ती बनवताना सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि मग दोन्ही बाजूंनी थंड हवेचे झोत मारून झटक्यात गार करतात. बाहेरचा पापुद्रा आधी घट्ट होतो, आतला गाभा मागाहून गार होत आकसतो आणि पापुद्र्याला आत ओढत राहतो. म्हणजे ती काच आयुष्यभर स्वतःशीच रस्सीखेच खेळत असते. बाहेर दाब, आत ताण. त्या दाबामुळेच ती साध्या काचेपेक्षा कितीतरी मजबूत असते. पण कुठंतरी तो पापुद्रा भेदला गेला आणि चीर आतल्या ताणापर्यंत पोचली, की सगळी ताकद एका क्षणात मोकळी होते. काचेचा थेंब पाण्यात टाकून बनवलेल्या ‘प्रिन्स रुपर्ट्स ड्रॉप’चे व्हिडिओ तुम्ही यूट्यूबवर बघितले असतील. डोक्यावर हातोडा मारला तरी फुटत नाही, शेपटी मोडली की अख्खा थेंब भुगा. मागची काच त्याच घराण्यातली.

म्हणून मागच्या काचेला ‘बारीकसा तडा गेलाय, बघू नंतर’ असं नसतं. ती एक तर धड असते, नाही तर चुरा. फिल्म लावल्यावर मागं एखादी रेघ दिसली तर ती बहुधा फिल्मची सुरकुती असते, नाही तर डिफॉगरच्या तारेवरचा ओरखडा. डिफॉगर म्हणजे काचेवर दिसतात त्या आडव्या तपकिरी रेघा. त्या काचेच्या आतल्या बाजूवर छापलेल्या असतात, आणि फिल्मही आतूनच लागते. जुनी फिल्म ब्लेडनं खरवडली की त्या रेघा तुटतात. मग पावसाळ्यात काचेवर धुकं धरतं आणि मधलाच एक पट्टा पुसला जात नाही. काच फुटण्यापेक्षा हे नुकसान जास्त वेळा होतं, पण आवाज होत नाही म्हणून कुणी भांडत नाही.

मग फिल्म लावताना काच फुटते कशी? मागची काच दोन दिशांनी वाकलेली असते, फिल्म मात्र सपाट. कलिंगडावर वर्तमानपत्र चिकटवून बघा, जेवढ्या चुण्या पडतील तेवढ्या इथंही पडतात. त्या चुण्या घालवायला फिल्म आधी काचेच्या बाहेरच्या बाजूवर ठेवतात, हीट गननं तापवून आकसवतात, काचेच्या आकाराची करतात, कडा कापतात आणि मग उचलून आत लावतात. हीट गनच्या तोंडाशी हवा काहीशे अंशांपर्यंत तापते. टफन काच दोन ठिकाणांमधला दोनशे अंशांच्या जवळपासचा फरकसुद्धा सोसते, साधी काच पन्नासलाही मान टाकते. म्हणजे नुसत्या उन्हानं मागची काच सहसा फुटत नाही. ‘फिल्म लावली तर उन्हात काच फुटेल’ ही भीती बरीचशी उगाच आहे. पण गन एकाच कोपऱ्यावर जास्त वेळ धरली, शेजारी गार पाण्याचा फवारा मारला आणि नेमका त्याच कडेला आधीपासून बारीकसा टवका असला, तर खेळ संपतो. टवका कारखान्यातून निघताना पडलेला असू शकतो, ट्रकमध्ये, शोरूममध्ये, डिकी आपटताना. फिल्म कापताना पाती काचेवर टेकून चालवली, तर तिचा ओरखडाही कारण ठरतो. काचेच्या पोटात निकेल सल्फाइडचा डोळ्यांना न दिसणारा कण अडकला असेल, तर काच काही न करताही फुटते. मोठ्या इमारतींच्या काचा अशा आपोआप फुटल्याची उदाहरणं जगभर आहेत.

आता यात आमच्या गाडीचं कारण कोणतं? तापलेली काच, घाई, गन, टवका? काचेचे हजार तुकडे झाले, झाडूनं गोळा करून कचऱ्यात गेले. ते तुकडे जुळवत कोण बसणार? कारण चुऱ्यात हरवतं. हरवत नाही तो फक्त शेवटचा हात ज्याचा काचेवर होता, तो माणूस. आणि तो नेहमी दुकानातला सगळ्यात कमी पगाराचा असतो.

मला हीच गोष्ट खटकते. साडेतीन हजारांच्या कामात मालकाचा नफा होता, फिल्म बनवणाऱ्याचा होता, आमची रील होती. धोका मात्र सगळा त्या एका पोराच्या डोक्यावर. शिवाय थांबा म्हणणारा तिथं तो एकटाच होता.

मित्रांमध्ये हे बोललो तर एक जण म्हणाला, ‘अरे पण काम त्याचं आहे ना, चुकलं तर भरावंच लागेल.’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतील, आणि मुद्दा अगदीच फालतू नाही. हलगर्जी झाली तर जबाबदारी घ्यायलाच हवी. पण हलगर्जी झाली हे कोण ठरवणार? मजुरीचा कायदा याबाबत १९३६ सालापासून स्पष्ट आहे. नुकसानीपोटी पगार कापायचा असेल तर ते नुकसान त्या कामगाराच्याच निष्काळजीपणामुळे झालेलं असलं पाहिजे, आणि कापण्याआधी त्याला आपली बाजू मांडायची संधी दिली पाहिजे. आमच्या समोर त्या पोराला कुणी एका शब्दानं विचारलं नाही. ‘मी थांबा म्हणालो होतो’ हे त्याचं वाक्य त्यानं उच्चारलंसुद्धा नाही. ते आम्हाला माहीत होतं. आम्हीही उच्चारलं नाही.

उद्या आपल्यापैकी कितीतरी जण कुठल्या तरी कंपनीत ट्रेनी म्हणून लागणार आहोत. वाळूजच्या शॉप फ्लोअरवर मशीन बंद पडलं आणि शेवटचं बटण आपण दाबलेलं असलं, तर आपल्याला काय वाटेल, एवढाच विचार करून बघा.

बरं, एवढा आटापिटा करून आम्ही लावत होतो ते कायद्यात बसत होतं का? अजिबात नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला शंभरावा नियम सांगतो की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अविषेक गोएंका यांच्या याचिकेवर निकाल देताना आणखी पुढं जाऊन सांगितलं की काचेवर वेगळी काळी फिल्म चिकटवायचीच नाही, मग ती कितीही टक्क्यांची असो. त्या वर्षी चौकाचौकात पोलिसांनी फिल्म खरवडल्याचं घरच्यांना विचारा, आठवत असेल. काळ्या काचांआड होणारे गुन्हे हा त्या याचिकेचा गाभा होता. पुढे नियमात बदल झाले. २०२१ पासून ‘सेफ्टी ग्लेझिंग’, म्हणजे आतून प्लास्टिकचा थर असलेली काच, नियमात आली. त्या आधारावर सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं म्हटलं की ठरलेली पारदर्शकता राखणारी फिल्म लावली म्हणून दंड करता येणार नाही. दुकानदार आता हाच निकाल तोंडावर फेकतात. पण तो निकाल केरळचा आहे, आणि त्यातही ७० आणि ५० ची अट आहे तशीच आहे. क्रांती चौकात गाडी अडवली की केरळचा निकाल वाचून दाखवा आणि मग काय होतं ते मला कळवा. मोटार वाहन कायद्यात अशा साध्या उल्लंघनाला पहिल्या वेळी ५०० रुपये दंड आहे, पुन्हा सापडलात तर १५००.

आणि इथं एक गणित आहे, जे दुकानात कुणी करत नाही. ‘ही सत्तर नंबरची फिल्म आहे, एकदम लीगल’ असं सांगतात. पण सत्तर टक्क्यांची अट नुसत्या फिल्मला नाही, काच आणि फिल्म दोन्ही मिळून आहे. गाडीची काच कोरी असली तरी शंभर टक्के प्रकाश सोडत नाही. तिला कंपनीतूनच हिरवट झाक असते. समजा ती ७५ टक्के सोडते. त्यावर सत्तरची फिल्म लावली तर पाऊण गुणिले सत्तर, म्हणजे साडेबावन्न टक्के. मागच्या काचेसाठी नापास. बाजूला पन्नासची फिल्म लावली तर साडेसदतीस. तीही नापास. बारावी सायन्सला दोन फिल्टरचं गणित आपण सोडवलेलं असतं, दुकानात गेल्यावर विसरतो.

काळेपणा म्हणजे गारवा हाही एक गैरसमजच. उन्हातली निम्म्याच्या आसपास ऊर्जा इन्फ्रारेडमध्ये असते, जी डोळ्यांना दिसत नाही. स्वस्तातली काळी फिल्म मुख्यतः दिसणारा उजेड अडवते आणि उष्णता शोषून घेते, त्यामुळं काच स्वतःच जास्त तापते. इन्फ्रारेड अडवणाऱ्या फिल्म जवळजवळ पारदर्शक असू शकतात, पण त्या महाग असतात आणि रीलमध्ये दिसत नाहीत. म्हणजे आपल्याला नेमकं काय हवंय, हे आपणच आपल्याला विचारलेलं बरं. मे महिन्यात इथला पारा बेचाळिशीला टेकतो, तेव्हा आजीला गारवा हवा असतो. आम्हाला काळेपणा हवा होता. आम्ही आजीच्या नावावर तो खपवला.

रात्रीचंही सांगतो. गुलमंडीच्या गल्लीतून काळ्या मागच्या काचेची गाडी कधी रिव्हर्स घेतली आहे? मी मित्राची घेतली आहे. मागं एक काका सायकल धरून उभे होते. काचेतून दिसले नाहीत, त्यांच्या शिव्या ऐकू आल्या म्हणून ब्रेक दाबला.

फिल्म लावणारच असाल, तर पारदर्शक, उष्णता अडवणारी घ्या आणि दुकानात शिरण्यापूर्वी काही गोष्टी ठरवून घ्या. काम सुरू करायच्या आधी मागच्या काचेच्या चारी कडा त्या कारागिरासोबत बघा, मोबाईलवर जवळून फोटो काढा, डिफॉगर चालू करून बघा. गाडी सावलीत गार होऊ द्या. तो पोरगा थांबा म्हणाला तर थांबा, त्याला काचेची जात आपल्यापेक्षा जास्त कळते. बिल घ्या, आणि बिलावर मालकाच्या हातानं एक ओळ लिहून घ्या: काम करताना काच फुटल्यास भरपाई दुकान देईल, कारागीर नाही. मालक कुरकुर करेल. दोनशे-तीनशे रुपये जास्त मागेल. द्या. धोका ज्याच्या धंद्याचा भाग आहे त्यानं तो किमतीत धरायचा, आणि ज्याला हौस आहे त्यानं ती किंमत मोजायची. बिल असेल तर उद्या ग्राहक आयोगात ‘सेवेतली त्रुटी’ म्हणून दाद मागता येते. बिलाशिवाय नुसती तोंडातोंडी उरते, आणि तोंडातोंडीत पुन्हा तो पोरगाच सापडतो.

विम्याचंही बघून ठेवा. गाडीच्या साध्या पॅकेज पॉलिसीतसुद्धा काचेवर घसारा कापत नाहीत. प्लास्टिक-रबरवर पन्नास टक्के कापतात, काचेवर शून्य. पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला हजार रुपये आपल्या खिशातून भरावे लागतात आणि क्लेम केला की पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस जातो. मग विमा कंपनीला कसं फुटलं ते खरं खरं सांगा. दुकानाबाहेर कुणीतरी दगड मारला असली कथा रचू नका. आमच्या मालकानं तीच सुचवली होती.

आमच्याकडे शेवटी काय झालं, तर मामी आली. तिला घरी फोनवर सगळं कळलं होतं. तिनं आल्या आल्या मामाला विचारलं, ‘पोरं घाई करत होती का?’ मामा माझ्याकडे बघायला लागला. मी मान खाली घातली. मग मी सांगितलं, की तो थांबा म्हणाला होता आणि आम्हीच नाही म्हणालो. मामी मालकाकडे वळली. ‘पाडव्याच्या दिवशी कुणाचं पोर रडवून मला गाडी घरी न्यायची नाही. निम्मे आम्ही देतो, निम्मे तुम्ही द्या. ह्याचा रुपया कापायचा नाही.’ मालक हो-ना करत तयार झाला. मामा घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलला नाही. आमच्या वाट्याचे पैसे मामेभावानं आणि मी तीन महिन्यांत फेडले. मी ट्यूशनच्या पोरांना जास्तीचे दोन तास शिकवून, त्यानं नवीन बुटांचा विचार सोडून. रील राहिली ती राहिलीच.

दोन महिन्यांनी मी त्या दुकानावरून गेलो. तो पोरगा दिसला नाही. शेजारच्या चहावाल्याला विचारलं तर म्हणाला, वाळूजला कंपनीत लागला. पगार कापला होता की नाही, हे चहावाल्यालाही माहीत नव्हतं. आम्ही आमचे निम्मे दिले होते, त्यामुळं कापला नसणार अशी मी स्वतःची समजूत घालतो.

नव्या काचेवर फिल्म लावलेली नाही. आजी आता पुढं बसते, मामी मागं.